चैत्राची मांडणी : झाडावर, ताटात आणि अंगणात

मुलांनो, सकाळची शाळा सुरू झाली म्हणजे वसंत आला, असे आपल्याकडे समजायला हरकत नाही. पुस्तकात आपण वाचतो की चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे दोन महिने. पुस्तकातल्या चित्रात हिरवेगार कुरण असते, झुळझुळ ओढा असतो. बाहेर बघावे तर ओढा आटलेला, गवत वाळलेले आणि दहा वाजताच ऊन चटचट लागते. मग कोणी विचारील, "हा कसला वसंत?"

तर ऐका. आपल्याकडचा वसंत जमिनीवर शोधायचा नाही. मान वर करून झाडावर शोधायचा. आणि पुढे तो ताटात नि अंगणात उतरवायचा. ते कसे, हेच या लेखात सांगायचे आहे.

आधी एक हिशोब. पंचांगातला चैत्र गुढीपाडव्याला सुरू होतो. हा सण मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येतो, तारीख दरवर्षी बदलते. पण आपल्या देशाची एक राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. ती २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामात वापरली जाऊ लागली. तिच्यातला चैत्राचा पहिला दिवस ठरलेला असतो : २२ मार्च, आणि लीप वर्षी २१ मार्च. याच सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असतात. त्यानंतर दिवस मोठा होत जातो. वर्गाच्या फळ्यावर तारीख लिहिताना राष्ट्रीय तारीखही लिहून बघा, मजा वाटेल.

झाडावरचा चैत्र

थंडी सरता सरता पळसाची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुले फुटतात. लांबून बघितले तर माळावर जाळ पेटल्यासारखे दिसते. काटेसावर नि पांगारा यांचेही तसेच. पाने नाहीत आणि फुलेच फुले! असे का बरे होते?

पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. उन्हाळ्यात जमिनीत पाणी कमी. म्हणून पुष्कळ झाडे पाने टाकून देतात नि पाणी वाचवतात. शिवाय पानांचा आडोसा नसला म्हणजे लाल, केशरी फुले पक्ष्यांना लांबूनही दिसतात. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे पक्षी मध प्यायला येतात. त्यांच्या चोचीला आणि डोक्याला पराग लागतो नि तो दुसऱ्या फुलावर जातो. झाडाचे काम झाले, पक्ष्याचे पोट भरले.

आता पिंपळाकडे बघा. त्याची नवी पालवी तांबूस असते. कोशिंबाची तर अगदी लालभडक. कोवळ्या पानात हिरवा रंग भरायला वेळ लागतो. तोवर हा लाल रंग कडक उन्हापासून आणि किड्यांपासून पानाला जपतो, असे शास्त्रज्ञ मानतात. करंजालाही याच दिवसांत पोपटी पालवी फुटते. पुढे बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. संध्याकाळी मोगरा उमलतो. कडुलिंबाची फुले एवढीएवढीशी, पांढरी. पण त्यांच्या खाली उभे राहिले की मधासारखा गोड वास येतो. पान कडू नि फुलाचा वास गोड, अशी त्याची गंमत.

आणि कोकिळेचे "कुहू कुहू"? ते गाणे नर गातो, बरे का! नर काळा कुळकुळीत नि मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली. मादी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. तेव्हा कावळ्याचे घरटे असलेले झाड तोडले तर कोकिळेचेही घर गेले, हे ध्यानात ठेवा.

फुले तोडायची की वेचायची?

पळसाच्या फुलांपासून रंगपंचमीचा सुंदर केशरी-पिवळा रंग होतो. झाडाखाली पडलेली फुले वेचायची, सावलीत वाळवायची आणि पाण्यात उकळून रात्रभर ठेवायची. सकाळी फडक्याने गाळून घेतले की रंग तयार. हा रंग अंगाला टोचत नाही, डोळ्यांना झोंबत नाही आणि पैसे तर लागतच नाहीत. पण त्यासाठी फांद्या ओरबाडू नयेत. फांदी मोडली की शेंग नाही, शेंग नाही की बी नाही. खाली सडा पडलेला असताना वर हात घालायचा कशाला?

आता मोहाचे ऐका. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर या बाजूच्या मुलांना हे झाड सांगायला नको. मोहाची फुले रात्री नि पहाटे टपटप गळतात. ती रसरशीत आणि गोड असतात. तिकडची माणसे पहाटे टोपल्या घेऊन फुले वेचतात, वाळवून ठेवतात आणि भाजून, शिजवून खातात. मोहाच्या बियांचे तेलही काढतात. अनेक घरांना या फुलांचा मोठा आधार असतो.

मात्र दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. फुले नीट दिसावीत म्हणून काहीजण झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. वारा आला की तीच आग रानात पसरते नि वणवा होतो. त्यात लहान रोपे, पक्ष्यांची अंडी, ससे सारे जळते. पुढे मोहाची झाडे येणार कोठून? म्हणून झाडाखालची जागा झाडून घ्यावी, नाहीतर खाली जुने लुगडे किंवा जाळी अंथरावी. दुसरे असे की मोहाची फुले अस्वलालाही फार आवडतात. पहाटे एकट्या-दुकट्याने रानात जाऊ नये. मोठी माणसे बरोबर असावीत, बोलत-आवाज करत जावे.

ताटातला चैत्र : आधी कडू

गुढीपाडव्याला आपण कळकाच्या काठीला नवे वस्त्र, कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पाने, फुलांचा हार आणि साखरेची गाठी बांधतो. वर तांब्या किंवा गडू पालथा घालतो. गुढीवर कडू नि गोड शेजारी शेजारी असते. तसेच ते आपल्या तोंडातही जाते. कडुलिंबाची कोवळी पाने आणि फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग, चिंच, मीठ असे वाटून चटणी करतात. कोठे मिरेही घालतात. पहिला घास ह्या चटणीचा. तोंड वाकडे करायचे नाही! गुळाने तिचा कडूपणा पुष्कळ कमी होतो.

पण ही चटणी चमचाभरच खायची असते. "कडू ते औषध" म्हणून काही घरांत लहान बाळांना कडुलिंबाचे तेल पाजतात. तसे मुळीच करू नये. ते तेल तान्ह्या मुलांना विषासारखे बाधते, जिवावरसुद्धा बेतते. घरी धाकटे भावंड असेल तर आई-आजीला हे जरूर सांगा.

मग आंबट : कैरी

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारो बारीक फुले असतात. त्यांतून शेवटपर्यंत टिकतात ती एखाद-दोन फळे. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वेचाव्यात, पण झाडाच्या मालकाला विचारून. दगड मारून पाडू नयेत. दगड कैरीला लागतो तसा खाली कोणाच्या डोक्यालाही लागतो. कैरीच्या देठातून चीक येतो. तो ओठाला लागला की ओठ भाजतात, सुजतात. म्हणून देठ काढून कैरी थोडा वेळ पाण्यात ठेवावी, स्वच्छ धुवावी नि मग खावी.

कैरीचे पन्हे असे करतात :

दोन मोठ्या कैऱ्या पाण्यात उकडाव्यात किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजाव्यात. गार झाल्यावर साल काढून गर काढून घ्यावा. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ आणि थोडी वेलची पूड घालून चांगले कालवावे. पेलाभर माठातल्या पाण्यात ह्यातले दोन चमचे ढवळले की पन्हे झाले. वेलची नसली तर जिरे भाजून कुटून घातले तरी चालते.

हे पेय उन्हाळ्यातच का बरे करतात? घामाबरोबर शरीरातले पाणी जाते आणि मीठही जाते. घाम जिभेला लागला की खारट लागतो, तो त्यामुळेच. नुसते पाणी पिऊन गेलेले मीठ भरून येत नाही. पन्ह्यात पाणी आहे, मीठ आहे आणि गुळाची साखरही आहे. आजी-पणजीने शाळा न शिकता हे ओळखले होते!

तरी पन्हे म्हणजे उन्हाच्या झटक्यावरचे औषध नव्हे. शेतात किंवा रस्त्यात कोणाला भोवळ आली, अंग तापले, माणूस बरळू लागला तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर ओले फडके फिरवावे, वारा घालावा आणि लगेच आरोग्य केंद्रात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा पन्हे ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो.

दुसरा पदार्थ आंबेडाळ. कोणी तिला वाटली डाळ म्हणतात. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, तीत किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, चवीपुरती साखर घालायची आणि वर मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. ही डाळ न शिजवता खातात. म्हणून भिजवण्याचे पाणी स्वच्छ हवे, वाटणाऱ्याचे हात धुतलेले हवेत आणि केलेली डाळ त्याच दिवशी संपवायची. उन्हाळ्यात ती लवकर आंबते.

भांडे कोणते?

समारंभ असला की माळ्यावरची मोठी पितळी पातेली खाली येतात. घासली की सोन्यासारखी चकाकतात. पन्ह्यासाठी तीच घ्यावीशी वाटतात. पण थांबा! आधी आत कल्हई आहे का ते बघा. आतून पांढरे चंदेरी दिसले तर कल्हई आहे. आतूनही पिवळे दिसले तर नाही. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात पन्हे, ताक, चिंचेचे सार असे आंबट ठेवले की ते कळकते. आंबटाने तांबे विरघळते, हिरवट रंग येतो, चव बिघडते. असे कळकलेले पोटात गेले तर मळमळ होते, उलट्या होतात. एका पातेल्यातले शंभर माणसे पिणार असतील तर शंभर माणसांना बाधा!

पूर्वी कल्हईवाला गावोगाव फिरायचा. भाता चालवून भांडे तापवायचा, नवसागर टाकून कापसाने फिरवायचा आणि कथलाचा पातळ थर चढवायचा. आता तो क्वचितच येतो. तेव्हा पन्ह्यासाठी स्टील, काच, चिनी माती किंवा मातीचा माठ वापरावा. ॲल्युमिनियमच्या भांड्यातही आंबट ठेवू नये.

पान वाढण्याची रीत

सणाचे पान वाढायचे म्हणजे पदार्थ कोठेही टाकायचे नाहीत. वर मधोमध मीठ. मिठाच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या हाताला भाजी, उसळ आणि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण नि तूप. गोड पदार्थ नंतर. ह्या रीतीत शहाणपण आहे. डावीकडचे पदार्थ थोडे खायचे, तोंडाला चव आणण्यापुरते. उजवीकडचे पोटभर खायचे. आपण उजव्या हाताने जेवतो, म्हणून जे जास्त लागते ते त्याच हाताजवळ. पानाभोवती साधी रांगोळी काढली, पाटाजवळ एक मोगऱ्याचे फूल ठेवले की झाली शोभा.

आणि ताट कसले? "पळसाला पाने तीनच" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती तीन-तीन पाने चोयांनी टाचून पत्रावळ नि द्रोण होतात. जेवण झाले की गुरे खातात किंवा उकिरड्यात जाऊन खत होते. थर्माकोलच्या ताटवाट्या मात्र वर्षानुवर्षे कुजत नाहीत, नाल्यात अडकतात. आपल्या राज्यात २०१८ साली त्यांच्यावर बंदी घालण्यात आली. सुट्टीत घरातल्या जाणत्या माणसाकडून पत्रावळ टाचायला शिकून घ्या. ही विद्या विसरू देऊ नका.

अंगणातला चैत्र

काही घरांत चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते. ती अक्षय तृतीयेपर्यंत म्हणजे महिनाभर असते. तोवर एखाद्या सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करतात. अंगणात चैत्रांगण काढतात. त्या एका रांगोळीत गौरीचा झोपाळा, सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गोपद्म, तुळशी वृंदावन, कासव, नाग, मोर, हत्ती, अशी कितीतरी चित्रे असतात. ज्यांना अक्षरे येत नव्हती त्या बायकांची ही चित्रांची वहीच म्हणा ना! तुम्हीही शाळेच्या अंगणात चैत्रांगण काढा. जुन्या चित्रांबरोबर आपल्या गावाची चित्रे घाला : हातपंप, शाळेची घंटा, पळस, बैलगाडी.

आरास करायला बाजारात जायला नको. लहान-मोठी खोकी मांडून पायऱ्या कराव्यात, वर धुतलेली साडी पसरावी. कलिंगड करवतीच्या दातांसारखे कापले की लाल कमळ होते. ओल्या फडक्यावर हळीव पसरले तर थोड्या दिवसांत हिरवी मखमल उगवते. ती मातीच्या ढिगावर लावली की डोंगर तयार. मधे पाण्याची ताटली ठेवली की तळे. पांगाऱ्याची गळलेली फुले, पिंपळाची तांबूस पाने, हिरव्या कैऱ्या, मातीची बैलजोडी, जे घरात आहे ते मांडावे. आरास संपल्यावर कलिंगड खावे, पण ते तासन्‌तास उघडे राहिले असेल, माशा बसल्या असतील तर नाही. तेवढे गुरांना द्यावे.

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पूर्वजांच्या नावाने घागर भरतात. बऱ्याच घरांत त्या दिवसापासून आंबे खायला सुरुवात होते. तोवर झाडावरचे फळही पक्व होऊ लागते, हेही बघण्यासारखे आहे.

पन्हे कोणाकोणाला?

आता मुख्य गोष्ट. पन्हे झाले, डाळ झाली, आरास झाली. बोलावणे कोणाला जाते? गावात अशा कितीतरी बायका आहेत की ज्यांचे यजमान वारले आहेत. त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही. त्या शेजारच्या घरातली लगबग दारातून बघतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आईही त्यांत असेल. त्या मुलाला काय वाटत असेल बरे?

ही रीत बदलता येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे असल्या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. एका गावाने सुरुवात केली नि ती सगळ्या राज्यापुढे गेली!

असे पूर्वीही झाले आहे. १८५२ साली पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी तिळगुळाचा समारंभ केला, तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवले. आणि २० मार्च १९२७ रोजी, ह्याच उन्हाच्या दिवसांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तहान सगळ्यांची सारखी, मग पाण्याला अडकाठी कशाला, हाच त्याचा अर्थ. तेव्हा ज्या माठाशी कोणाला मज्जाव आहे, त्या माठातले पन्हे गोड कसे लागेल?

मुलांनी मोठ्यांना शिकवू नये, असे कोणी म्हणेल. पण विचारायला काय हरकत आहे? "आई, आपण शेजारच्या काकूंना का नाही बोलवत?" एवढेच विचारा. आणि बोलावणे सांगायला तुम्हीच जा. मुलाच्या तोंडचे बोलावणे कोणाला मोडवत नाही. ज्यांच्या घरी गौर नसते, ज्यांचा धर्म वेगळा आहे, त्यांनाही पन्ह्याला बोलवा. हळदीकुंकू ज्यांना नको त्यांना मोगऱ्याचे फूल द्या.

करून बघा

१. शाळेच्या वाटेवर फुललेल्या झाडांची यादी करा. झाडाचे नाव, फुलाचा रंग आणि त्यावर आलेला पक्षी, असे तीन रकाने आखा.

२. पसरट मातीच्या भांड्यात पाणी भरून झाडाखाली ठेवा. रोज पाणी बदला. कोणते पक्षी येतात ते लिहा.

३. घरातली पितळी भांडी बघून कोणत्याला कल्हई आहे नि कोणत्याला नाही, ते आईला दाखवा.

४. शाळेच्या फाटकाशी एक माठ नि ओगराळे ठेवून पाणपोई करा. पाणी रोज ताजे, माठ झाकलेला. येणारा-जाणारा कोणीही असो, त्याला आधी पाणी द्या, नाव-गाव मागाहून विचारा.

ज्या वर्गाचे काम पुरे होईल त्यांनी आपला कागद या लेखाशेजारी चिकटवावा. मागच्या बाकावरच्यांनीही लिहावे, अक्षर कसेही असो. वाचायला सारी शाळा आहेच.